एकट्याने उचलता येईल अशी गाडी

सप्टेंबरातली सकाळ होती. कुंडम मागे टाकून मी शहपुऱ्याच्या वाटेला लागलो होतो. एका वळणावर चहाची टपरी दिसली म्हणून गाडी कडेला घेतली आणि साइड स्टँड लावला. खाली मुरूम होता, रात्रीच्या पावसाने भिजलेला. हेल्मेटचा पट्टा सोडेपर्यंत स्टँड जमिनीत रुतला आणि दोन्ही बाजूंच्या बॅगांसकट गाडी सावकाश आडवी झाली. टाकीच्या झाकणाखालून पेट्रोल ठिबकायला लागलं. हँडल धरून मी ओढून पाहिलं, मागून उचलून पाहिलं, कंबरेत कळ आली, पण गाडी वीतभरही वर येईना. टपरी अजून उघडायची होती. वीसेक मिनिटांनी शेळ्या घेऊन एक काका आले. काठी बाजूला ठेवून त्यांनी मागचं कॅरिअर धरलं, "नर्मदे हर" म्हणून जोर लावला, आणि दोघांच्या बळावर गाडी उभी राहिली.

त्या गाडीचे सगळे आकडे मला तोंडपाठ होते. इंजिन किती सीसीचं, ताकद किती, मायलेज किती, सगळं. ही गाडी मला एकट्याला उचलता येईल का, हा प्रश्न मात्र घेताना मी कुणालाच विचारला नव्हता, स्वतःलासुद्धा नाही.

तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी तीन गोष्टी सांगतो. एकट्याने लांब जायचं असेल तर गाडी एकट्याला उचलता आली पाहिजे, ढकलता आली पाहिजे आणि निदान जवळच्या मिस्त्रीपर्यंत पोचण्याइतकी दुरुस्त करता आली पाहिजे. चार मित्रांच्या ताफ्यात जाणाऱ्याला या तिन्ही गोष्टी माफ असतात. एकट्याला त्या माफ नाहीत. पुढचं सगळं मी जबलपूर आणि तिथल्या गोहलपूर भागाच्या रस्त्यांवर उभा राहून लिहितोय, पण नागपूर, पुणे किंवा सांगलीहून निघणाऱ्यालाही हिशेब हाच लागू पडेल.

आधी रस्ता, मग गाडी

बहुतेक जण उलटं करतात. आधी गाडी मनात भरते आणि मग तिला शोभेल असा रस्ता शोधला जातो. त्याऐवजी कागद घ्या आणि पहिल्या वर्षात तुम्ही खरोखर कुठे जाणार आहात ते लिहा. गोहलपुरातून निघणाऱ्यासाठी दिशा साधारण अशा आहेत.

दक्षिणेला नागपूर. दमोह नाक्यापासून मदन महालपर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल २३ ऑगस्ट २०२५ रोजी खुला झाल्यापासून शहरातून बाहेर पडणं सोपं झालंय. तिथून तिलवारा घाटाचा पूल ओलांडला की बरगी, धूमा, लखनादौन, शिवनी, कुरई, खवासा असं करत साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर नागपूर. लखनादौनपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ३४ आणि पुढे ४४. रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत. पेंचच्या जंगलात तर जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच जागोजागी उचलून घेतलाय. इथे कुठलीही धड गाडी चालते. कस लागतो तो तुमच्या पाठीचा.

पूर्वेला अमरकंटक. महामार्ग ४५ ने कुंडम, शहपुरा, दिंडोरी करत जायचं. वळणं, जंगल, गावांतून जाणारा रस्ता, मध्येच मुरमाच्या कडा. इथे हलकी, वळायला सोपी, खड्ड्यात न आपटणारी गाडी सुखाची. महामार्ग ३० ने मंडला, चिल्पी घाट आणि रायपूरकडे जायचं असेल तरी हेच लागू.

पश्चिमेला आपला मराठी मुलूख. मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही बंद. म्हणजे नागपुरानंतर अमरावती, अकोला, जळगाव, धुळे, नाशिक हा जुना रस्ता धरावा लागतो. तिथे ट्रक, ट्रॅक्टर आणि बाजाराची गावं लागतात, आणि वेग सारखा वरखाली होतो. दिवसाला चारशे किलोमीटर झाले तरी पुष्कळ. हा प्रवास तीन दिवसांचा धरा.

आणि चौथी वाट म्हणजे नर्मदेची परिक्रमा. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'पर्यंत मराठी वाचकाच्या मनात नर्मदा कायम वाहत आली आहे, आणि आता गाडीवर परिक्रमा करणारेही दिसतात. १,३१२ किलोमीटरची नदी दोन्ही काठांनी, तिला सतत उजव्या हाताला ठेवून. जबलपूरच्या ग्वारीघाटावरून उठायचं तर उत्तर तटाने आधी अमरकंटक, मग दक्षिण तटाने पश्चिमेकडे, वाटेत नंदुरबारचा मराठी मुलूख आणि पुढे गुजरात. या एकाच प्रवासात चौपदरी रस्ता, घाट, गावपांदी आणि नदीकाठची रेती असं सगळं येतं.

आता लिहिलेल्या रस्त्यांपैकी डांबरी किती आणि कच्चा किती, हे मोजा. बहुतेकांचा हिशेब नव्वदाला दहा असा निघतो. तो दहा टक्के कच्चा रस्ता सावकाश गेलं तर साध्या गाडीवरही पार होतो. त्याच्यासाठी उंच, मोठ्या चाकाची गाडी घेतली तर नव्वद टक्के डांबरावर तिची उंची आणि वारा सोसावा लागतो.

वजन आणि सीटची उंची

शोरूममध्ये सगळ्यात आधी हे दोन आकडे विचारा. तुलनेसाठी काही गाड्यांचे ढोबळ आकडे देतो. वजन पेट्रोल-ऑइलसकट आहे. कंपन्या मॉडेलमध्ये थोडेफार बदल करत असतात, म्हणून घेताना पुन्हा पाहून घ्या.

- हीरो एक्सपल्स २०० ४व्ही: सुमारे १५९ किलो, सीट ८२५ मिलिमीटर, टाकी १३ लिटर
- सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स: १६७ किलो, ८३५ मिलिमीटर, १२ लिटर
- होंडा हायनेस सीबी ३५०: १८१ किलो, ८०० मिलिमीटर, १५ लिटर
- रॉयल एनफील्ड मिटिऑर ३५०: १९१ किलो, ७६५ मिलिमीटर, १५ लिटर
- बजाज डॉमिनार ४००: १९३ किलो, ८०० मिलिमीटर, १३ लिटर
- रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०: १९५ किलो, ८०५ मिलिमीटर, १३ लिटर
- रॉयल एनफील्ड हिमालयन ४५०: १९६ किलो, ८२५ मिलिमीटर, १७ लिटर

या यादीत पहिली आणि शेवटची यांत सदतीस किलोंचा फरक आहे. म्हणजे जवळजवळ सिमेंटचं पाऊण पोतं. त्यावर तुमचं पंधरा-वीस किलो सामान चढणार. गाडी पळत असताना हे वजन जाणवत नाही, उलट हायवेवर ट्रक शेजारून गेला की जड गाडी जास्त स्थिर वाटते. पण प्रवासात गाडी थांबते, वळवावी लागते, धाब्याच्या उतारावर मागे घ्यावी लागते, लॉजच्या पायरीवरून आत न्यावी लागते. ते सगळं तुमच्या दोन पायांवर येतं.

सीटची उंची पाहताना प्रवासात घालणार तेच बूट घालून जा. सपाट जागी एक पाऊल पूर्ण टेकलं आणि दुसऱ्याचा चवडा टेकला तर चालतं. पण तेवढ्यावर थांबू नका. डाव्या बाजूला उतार असलेल्या जागी उभे राहून पाहा, कारण आपल्या रस्त्यांच्या कडा तशाच असतात. पाय पोचत नसतील तर सीटचा फोम कापून उंची कमी करायचा सल्ला मिळतो. तो घाईने घेऊ नका. कापलेल्या फोमवर दोनशे किलोमीटरनंतर बसवत नाही. बुटक्या माणसांना आणि अनेक स्त्रियांना मिटिऑरसारखी बुटकी गाडी मुळातच सोयीची पडते.

ढकलण्याची परीक्षाही तिथेच करा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, आणि गाडी शंभर पावलं ढकलत न्या. मग थोड्या चढावर दहा पावलं. मग वळवून परत. विक्रेता थोडा चक्रावेल, पण गाडी तुम्हाला न्यायची आहे. पंक्चर होईल तेव्हा दुकान दीड किलोमीटरवर असेल आणि ढकलणारे तुम्हीच असाल.

आडवी गाडी उभी कशी करायची

ताकदीपेक्षा इथे पद्धत कामाला येते, आणि ती घरी शिकता येते. त्या दिवशी कुंडमपुढे मी हातांनी आणि कंबरेने ओढत होतो. काम मांड्यांचं असतं.

आधी इंजिन आणि चावी बंद. बॅगा सोडून बाजूला ठेवा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी होऊन ती पलीकडे कलंडणार नाही. पहिला गिअर टाका, चाक फिरणार नाही. हँडल पूर्ण वळवून जमिनीकडची मूठ टाकीजवळ आणा. आता गाडीकडे पाठ करा आणि सीटच्या कडेला ढुंगण टेकून खाली बसा. एका हाताने ती मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचं कॅरिअर किंवा चेसिसची पट्टी पकडा. पाठ ताठ, नजर समोर. आता हातांनी उचलायला जाऊ नका. पायांनी मागे रेटत, छोटी छोटी पावलं टाकत गाडी ढकलत न्या. अर्ध्यावर आली की वजन एकदम हलकं वाटतं. तिथेच सावध राहा, जोर सैल करा, नाहीतर ती पलीकडे जाते. गाडी डावीकडे पडली असेल तर ती पूर्ण उभी झाल्यावर पायाने स्टँड काढायचा.

या पद्धतीने साठ किलोंचा माणूस पावणेदोनशे किलोंची गाडी उभी करू शकतो. तरीही दोन-तीन प्रयत्नांत ती गाडी उठली नाही, तर ती तुमच्यासाठी नाही. हा निकाल मान्य करा.

किती सीसी?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. मी तो मुद्दाम मागे ठेवलाय. २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटरसायकलची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि साध्या रस्त्यांवर ६०. एकट्याच्या प्रवासात यापेक्षा जास्त वेगाची गरज पडत नाही. म्हणून गाडी किती वेगाने पळते हे विचारण्यापेक्षा ताशी ८० वर ती दोन-तीन तास न कुरकुरता चालते का, हे पाहा. त्या वेगावर हँडल आणि फूटरेस्ट थरथरत असतील तर तासाभरात बोटं बधिर होतात. शोरूमची पाच मिनिटांची फेरी इथे कामाची नाही. ज्याच्याकडे ती गाडी आहे अशा माणसाला शोधा, आणि शक्य असेल तर अर्धा दिवस चालवायला मागा.

दोनशे ते साडेतीनशे सीसीच्या गाड्या या कामाला पुरेशा आहेत. चारशेच्या आसपासच्या गाड्यांना ओव्हरटेक करायला आणि घाट चढायला जोर जास्त मिळतो, पण पैशाचाही विचार करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही ३५० च्या वर वाढतो. हे पैसे वाचले तर चांगलं हेल्मेट, जॅकेट, बूट आणि टायर त्यातून येतात, आणि त्या चार वस्तू जीव वाचवतात.

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी असेल तर हिरमुसू नका. स्प्लेंडर फक्त ११२ किलोंची आहे, एकट्याने सहज उचलता येते आणि कुठल्याही गावात ती दुरुस्त होते. ताशी साठने, दिवसाला अडीचशे किलोमीटर जायची तयारी असेल तर तिच्यावर भारत फिरता येतो. भरधाव ट्रकांच्या चौपदरी रस्त्यावर मात्र ती डावीकडेच ठेवावी लागते.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर एबीएस आहे ना हे पाहून घ्या. ओल्या डांबरावर अचानक ब्रेक लावायची वेळ येतेच.

हेडलाइटही तपासा. पावसाळ्यात आमच्याकडे जमीन चिकचिकीत होते, म्हणून गुरं रात्री कोरड्या डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. कितीही चांगला दिवा असला तरी एकट्याने सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठावा, विशेषतः पेंच आणि अमरकंटकच्या जंगलपट्ट्यात.

चाकं आणि पंक्चर

एकट्या माणसाचा प्रवास ट्यूबलेस टायरने फार सोपा होतो. खिळा दिसला की पक्कडीने उपटायचा, भोकात कानस फिरवायची, सुईत रबरी दोरी अडकवून आत खुपसायची, बाहेरचं टोक कापायचं आणि छोट्या पंपाने हवा भरायची. एकदा हात बसला की पंधरा मिनिटांचं काम, चाक काढावं लागत नाही. ट्यूबच्या टायरला चाक काढणं, टायर उतरवणं, ट्यूब बदलणं असं सगळं आलं. सामान लादलेल्या गाडीवर एकट्याने ते करणं जिकिरीचं असतं.

ट्यूबलेस टायर बहुधा अलॉय चाकावर येतो, आणि ते चाक खोल खड्ड्यात आदळलं तर वाकतं किंवा तडकतं. तारांचं चाक मार सोसतं, वाकलं तरी सरळ करता येतं, पण त्यात बहुधा ट्यूब असते. ट्यूबलेस तारांची चाकं आता काही गाड्यांना मिळतात, हिमालयन ४५० ला २०२४ पासून. तुमचा रस्ता नव्वद टक्के डांबरी असेल तर अलॉय आणि ट्यूबलेस घ्या. कच्च्या वाटाच जास्त असतील तर तारांची चाकं घ्या आणि ट्यूब बदलायला घरी शिका.

टायरचा आकारही विचारा. आपल्या गावोगावच्या दुकानांत सतरा-अठरा इंची टायर सहज मिळतात. पुढे एकवीस इंची चाक असलेल्या गाडीचा टायर दिंडोरीत फाटला तर जबलपूरहून मागवावा लागेल.

टाकीचा हिशेब

टाकी किती लिटरची, यापेक्षा एका टाकीत तुम्ही निश्चिंतपणे किती जाता हे पाहा. सूत्र सोपं आहे: टाकीतून तीन लिटर वजा करा आणि उरलेल्याला सामानासकटच्या मायलेजने गुणा. तेरा लिटरची टाकी आणि लिटरला तेहतीसचं मायलेज असेल तर दहा गुणिले तेहतीस, म्हणजे तीनशे तीस किलोमीटर. सतरा लिटर आणि अठ्ठावीसचं मायलेज असेल तर तीनशे ब्याण्णव. आणि स्प्लेंडरची टाकी जेमतेम पावणेदहा लिटरची, पण लिटरला साठ दिले तर तीन लिटर राखूनही ती चारशेच्या पुढे जाते. आकाराने सगळ्यात लहान टाकी सगळ्यात लांब नेऊ शकते.

मध्य भारतात तीनशेचा टप्पा पुरेसा आहे. सवय एकच लावा: टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरा. जंगलपट्टा लागण्याआधी तर नक्कीच.

मिस्त्री कुठे भेटेल?

जबलपूरला लोखंड ओळखणाऱ्या हातांची कमी नाही. १९०४ पासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे. लष्कराची जोंगा गाडी जबलपुरातच बनली, तिच्या नावातला 'ज' जबलपूरचा आहे. कॅरिअर वेल्ड करणं, क्रॅशगार्ड वाकवून बसवणं, लेथवर बुशिंग काढणं, ही कामं गल्लोगल्ली उत्तम होतात. पण तुमची गाडी बिघडेल ती बजाग किंवा लखनादौनच्या आसपास. म्हणून वाटेतल्या तालुक्याच्या गावी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, हे नकाशा उघडून मोजा. नसेल तर गाडी इतकी साधी असावी की तिथला हुशार मिस्त्री ती उघडू शकेल.

तुम्हालाही थोडं यायला हवं. चेन ताणणं आणि दर पाचशे किलोमीटरला तिला तेल देणं, क्लच केबल बदलणं, फ्यूज बदलणं, बॅटरीची टोकं आवळणं, पंक्चर काढणं. एवढं गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात मिस्त्रीशेजारी बसून शिका. पिशवीत गाडीबरोबर आलेला टूलकिट, पंक्चर किट, छोटा पंप, क्लच केबल, क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर, फ्यूज, चिकटपट्टी आणि तार. गाडी पडली की लिव्हरच आधी तुटतो, आणि लिव्हरशिवाय घरी येता येत नाही.

जुनी गाडी घेताना

जबलपूरची बरीच मराठी घरं पुणे-नागपूरच्या नातेवाइकांमार्फत तिकडची वापरलेली गाडी घेतात. हरकत नाही, पण कागद नीट करा. विकणाऱ्याकडून आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आणि मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० घ्या. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि रस्ताकरही भरावा लागतो. ती रक्कम सौद्यात आधीच धरा.

गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर पेट्रोलची होज आणि रबरी सील तपासून घ्या. आता सगळीकडे मिळणारं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. सकाळी गाडी थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघू नका. चेन-स्प्रॉकेटचे दात, पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ आणि हँडलमधला खटका या तीन गोष्टींनी मागचा इतिहास कळतो.

सामान आणि कागद

वजन जितकं खाली आणि पुढे, तितकी गाडी शहाणी राहते. जड वस्तू बाजूच्या बॅगांत तळाशी, हलके कपडे मागे सीटवर. मागच्या टोकाला जड पेटी बांधली की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर हँडल थरथरतं. बॅगांवरची पावसाची कव्हरं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. गोहलपुरात लेमा गार्डनला रेडिमेड कपड्यांचं क्लस्टर आहे आणि आसपास घरोघरी शिलाई यंत्रं चालतात. जाड रेक्झिन दिलं की बॅगेच्या मापाचं कव्हर शिवून मिळतं, आणि ते माप बरोबर येतं.

पैसे, ओळखपत्र, फोन आणि औषधं अंगावर ठेवा, गाडीवर नाही. मुंबईहून एकट्याने जगप्रवासाला निघालेल्या योगेश आळेकरी यांची गाडी २०२५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला चोरांनी कुलूप तोडून नेली, आणि पासपोर्टसकट सगळं सामान तिच्याबरोबर गेलं. एकट्याच्या गाडीवर नजर ठेवायला दुसरं कुणी नसतं. म्हणून डिस्क लॉक, आणि गाडी दिसेल अशीच खुर्ची.

आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी डिजीलॉकरमध्ये चालतात, पण फोनची बॅटरी संपते म्हणून छायाप्रतीही ठेवा. विम्यात मालक-चालकाचं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे ना, हे पाहा. हेल्मेट आयएसआय चिन्हाचंच, पूर्ण चेहऱ्याचं. खिशात एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट आणि घरचा फोन लिहून ठेवा. संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरी एक फोन, कुठे आहात आणि उद्या कुठे जाणार ते सांगायला. आई-बाबा किंवा घरच्यांना दिवसभर फोनची वाट पाहायला लावू नका.

निघण्याआधी तीन फेऱ्या

नवी गाडी घेऊन थेट हजार किलोमीटरवर जाऊ नका. पहिली फेरी बरगी धरणापर्यंत, रिकाम्या गाडीने. पाठ आणि मनगटं कुठे दुखतात, सीट कुठे टोचते ते कळेल. दुसरी फेरी मंडलापर्यंत, पूर्ण सामान लादून, जाऊन-येऊन दोनशेच्या आत. काय बांधायला चुकलं आणि काय उगाच घेतलं ते कळेल. तिसरी फेरी अमरकंटक, एक मुक्काम करून. त्या फेरीत एकदा तरी चेनला तेल द्या, हवा तपासा, आणि रात्री खोलीवर सगळं सामान काढून पुन्हा लावा. तिन्ही फेऱ्यांनंतर जी वस्तू एकदाही वापरली नाही ती घरी ठेवा.

आणि गाडी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मोकळ्या मैदानात जुनी सतरंजी अंथरून गाडी तिच्यावर अलगद आडवी करा. जवळ एक माणूस उभा राहू द्या, पण त्याने हात लावायचा नाही. तिला तीनदा उभी करा. नव्या गाडीवर असं करायला मन धजत नाही, मला माहीत आहे. तरी करा. रस्त्यावर ती पहिल्यांदा पडेल तेव्हा तुमच्या पायांना काम माहीत असेल.

मी पुढे गाडी बदलली, पंचवीस-तीस किलोंनी हलकी घेतली. दमोह नाक्याजवळच्या वेल्डरकडून साइड स्टँडच्या टोकाला तळहाताएवढी लोखंडी चकती बसवून घेतली. गेल्या पावसाळ्यात पुन्हा त्याच वळणावर थांबलो. मुरूम तसाच भिजलेला होता. स्टँड लावला, हेल्मेट काढलं आणि क्षणभर गाडीकडे बघत उभा राहिलो. चकती मुरमावर सपाट टेकली होती. टपरी उघडलेली होती. मी चहा सांगितला.